भिंतीच्या आतली रेघ

अपर्णाला किळस येत नसे, आणि हे ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. सिडनीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती कामाला होती. दिवसभर तिच्या हातून काय काय जायचं ते जेवणाच्या टेबलावर सांगण्यासारखं नव्हतं. कुणाची थुंकी, कुणाचा पू, कुणाची डबीत भरून आणलेली शी. काम संपलं की हातमोजे काढायचे, साबणाने हात धुवायचे आणि डबा उघडून निवांत पोळीभाजी खायची. पण हल्ली टूनगॅबी या उपनगरातल्या स्वतःच्या घराचं दार उघडलं की ती उंबऱ्यातच थबकायची. ओलं पोतं, कुजका कांदा आणि मेलेलं काहीतरी, असा तिन्हींचा मिळून एक वास. शी! चपला काढता काढताच ती तोंडाने श्वास घ्यायला लागायची, आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा. आपल्याच घरात शिरताना माणसाने नाक दाबायचं म्हणजे काय!

वास यायचा तो तिच्या सासूबाईंच्या, सोजरबाईंच्या खोलीतून.

झालं होतं एवढंच. लाँग वीकेंडला सगळे वॉलाँगाँगला गेले होते, तिच्या नवऱ्याच्या, प्रज्ञेशच्या मित्राकडे. प्रज्ञेश, अपर्णा, लेक चिन्मयी आणि सोजरबाई. समुद्र बघून, फोटो काढून, मित्राकडचं मटण खाऊन सोमवारी परत आले तर घरात शिरताच पायाखाली पचपच. बाथरूममधल्या बेसिनखालची नळी फुटलेली. हातभर लांबीची, वर जाळीचं कवच असलेली, दुकानात चार पैशांना मिळते ती नळी. दोन दिवस पाणी वाहत होतं. बाथरूमला लागून मागची खोली, ती घरापेक्षा एक पायरी खाली, त्यामुळे सगळं पाणी तिथं जाऊन साचलेलं. घोट्याच्या वर. सोजरबाईंच्या चपला, पत्र्याची पेटी आणि वळकटी केलेली गोधडी त्या पाण्यात तरंगत होती. भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी तेवढ्या कोरड्या. सोजरबाईंनी आधी त्या काढून बैठकीच्या खोलीत नेल्या, मग पदर खोचला.

अपर्णाने विमा कंपनीला फोन लावला. पलीकडे नेथन नावाचा एक गोड आवाज. हो, गोडच. इतका गोड की दात किडावेत. "ओह नो, तुम्ही सगळे ठीक आहात ना? नो वरीज, आम्ही आहोत." अचानक नळी फुटून झालेलं नुकसान पॉलिसीत बसतं, असं त्याने स्वतःहून सांगितलं. नुकसान तपासणारा असेसर येईल, घर बघेल, मग भिंत, फरशी, सगळं ते करून देतील. अपर्णाला हायसं वाटलं. हप्ते भरायचे ते अशाच दिवसासाठी ना?

पण असेसर काही लगेच येईना. वर क्वीन्सलँडमध्ये पूर आलेला, सगळे तिकडे गेलेले. शेवटी एकदाची तारीख मिळाली. कामावर निघता निघता अपर्णा सासूबाईंना म्हणाली, "आई, शुक्रवारी विम्याचा माणूस घर बघायला येणारे हं."

एवढंच म्हणाली ती. आणि तिथंच घात झाला.

कारण सोजरबाईंच्या घरी परका माणूस येणार म्हटलं की काय होतं, हे अपर्णाला ठाऊक असायला हवं होतं. प्रज्ञेशने तिला लग्नानंतर एकदा सांगितलं होतं. तो चौथीत असताना स्कॉलरशिपमध्ये आला, म्हणून त्याचे गुरुजी विक्रोळीच्या त्यांच्या खोलीवर कौतुक करायला आले होते. सोजरबाईंनी सकाळपासून खोली घासली होती. भांडी राखेने उजळली होती, दारात रांगोळी काढली होती. गुरुजी आले ते उंबऱ्याबाहेरच थांबले. खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि तसेच दोन शब्द बोलले. सोजरबाईंनी पेल्यात पाणी आणलं तर म्हणाले, "नको नको, आत्ताच पिऊन आलो." त्या खोलीत त्या दिवशी फिनेलशिवाय कसलाही वास नव्हता, असं सांगताना प्रज्ञेशचा आवाज अजूनही बदलायचा. गुरुजी गेल्यावर ते पाणी सोजरबाईंनी उभ्या उभ्या स्वतः पिऊन टाकलं होतं. तेव्हापासून त्यांचा एकच नेम. दारात परका माणूस येणार असेल तर घरात धुळीचा कण दिसता कामा नये. गॅसवाला येवो नाहीतर मीटर बघणारा.

तर शुक्रवारच्या आत सोजरबाईंनी काय केलं? काय नाही केलं ते विचारा. ओलं कार्पेट प्रज्ञेशकडून सुरीने कापवून घेतलं. आईने हुकूम सोडला की या गृहस्थाची इंजिनिअरिंगची पदवी कुठं गडप होते कोण जाणे, मुकाट्याने सुरी घेऊन बसला. त्याच आठवड्यात काउन्सिलची मोठा कचरा उचलणारी गाडी यायची होती. कार्पेट, फुगलेली गादी, फुगलेलं कपाट, सगळं रस्त्याकडेला गेलं आणि गाडीबरोबर गेलं. प्लंबरने काढून ठेवलेली फुटकी नळी बेसिनपाशी पडली होती. "गंजकी नळी घरात कशापायी ठिवायची?" म्हणून ती कचऱ्याच्या बिनमध्ये. मग बादलीत ब्लीच. भिंतीवर पाणी जिथवर चढलं होतं तिथं एक मातकट रेघ उमटली होती, खोलीभर, चारही भिंतींना. सोजरबाईंनी गुडघ्यांवर बसून काथ्याने ती रेघ घासली. इतकी घासली की शोधूनही सापडेना. वर गॅरेजमध्ये उरलेल्या रंगाचा एक हात. आणि शेवटी अगरबत्ती.

अपर्णाला लॅबमध्ये उभ्या उभ्या कंपनीचा मेसेज आला होता, खराब झालेल्या वस्तू असेसरला दाखवण्यासाठी ठेवा म्हणून. घरी जाऊन सांगू म्हणून तिने फोन खिशात टाकला. संध्याकाळी दार उघडलं तर खोली लख्ख. सोजरबाई दमून भिंतीला टेकून बसलेल्या, हात ब्लीचने सोललेले, आणि तोंडावर हे समाधान.

"आता येऊ दे तुझ्या सायबाला," त्या म्हणाल्या.

अपर्णाने त्यांच्या हाताला खोबरेल लावलं. आपल्याकडे फोटो आहेत म्हणून तिने स्वतःची समजूत घातली. फोन उघडून बघितला तर फोटो दोनच निघाले. गडबडीत काढलेले. एकात प्रज्ञेशचे पाय आणि बादली, दुसऱ्यात तिचा स्वतःचा अंगठा.

शुक्रवारी क्लाइव्ह आला. असेसर. पन्नाशीचा, गुळगुळीत दाढीचा. दारातच त्याने बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. सोजरबाईंनी त्या पिशव्यांकडे नीट बघून घेतलं. खोलीत तो दारापासून दोन पावलं आत गेला, एका कोपऱ्यात ओल मोजायचं छोटं यंत्र टेकवलं, टॅबलेटवर काहीतरी टिपलं. खोली स्वच्छ होती खरी, पण भिंत आतून ओली असणार, तिचं काय? कोपऱ्यात खाली, नव्या रंगातूनही, काळे ठिपके उमटायला लागले होते. क्लाइव्हने त्यांचाच फोटो काढला. पाणी कुठवर होतं, विचारलं. अपर्णाने हाताने दाखवलं. तो म्हणाला, "राइट." कार्पेट कुठंय? नळी कुठंय? तिने सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, "राइट." मग स्वयंपाकघरात डोकावला. गॅसवर भाताचा कुकर होता. एक फोटो त्या कुकरचा. हा कशाला, हे अपर्णाला तेव्हा कळलं नाही. सोजरबाईंनी ट्रेमध्ये पाणी आणि चहा आणला. क्लाइव्हने हसून स्वतःची बाटली वर करून दाखवली. "ऑल गुड, थँक्स."

सोजरबाई ट्रे घेऊन तशाच परत गेल्या. क्लाइव्हच्या मनात काही वाईट असेल असं नाही. त्याचा नियमही असेल. पण अपर्णाला विक्रोळीतला तो पाण्याचा पेला आठवला.

त्यानंतर तो वास सुरू झाला. ब्लीच उतरलं, अगरबत्ती विझली आणि भिंतीच्या पोटातलं वर यायला लागलं. काळे ठिपके वाढत वाढत हाताएवढे झाले. खाली लाकडी पट्टीच्या फटीतून एक दिवस फिकट, लिबलिबीत कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. घरात! माणसं झोपतात त्या खोलीत! सोजरबाईंनी त्या उपटल्या की चार दिवसांनी पुन्हा हजर. त्या बैठकीतल्या सोफ्यावर झोपायला लागल्या, पण वास दाराला जुमानतो थोडाच. त्यांना खोकला लागला तो हटेना. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि सरळ सांगितलं की ही बुरशी निघेपर्यंत यांना या घरात ठेवू नका. एकदा जेवताना चिन्मयी नाक मुरडून म्हणाली, "ममा, आजी'ज रूम स्टिंक्स." अपर्णाने डोळे वटारले. सोजरबाईंना इंग्रजी येत नसलं तरी मुरडलेलं नाक कुठल्याही भाषेत वाचता यायचं. त्यांनी ताटातला घास ताटातच ठेवला.

आणि एका शनिवारी कंपनीचा निकाल आला. ईमेलने. क्लेम नामंजूर.

प्रज्ञेशने लॅपटॉपवर वाचायला सुरुवात केली आणि त्याचा पारा चढत गेला. सोजरबाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मेथी निवडत बसल्या होत्या. "आई, ऐक, ऐक काय लिहितोय हा नालायक," प्रज्ञेश ओरडला. अपर्णाने त्याला डोळ्यांनी खुणावलं, पण तो कसला थांबतोय. "म्हणे अचानक पाणी भरल्याचा पुरावा नाही. म्हणे ही बुरशी जुनी आहे. दारंखिडक्या बंद ठेवून सतत वाफेचं शिजवतात. आणि घरात राहणाऱ्यांची साफसफाई कमी पडते, म्हणून झाली!"

सोजरबाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"कोणी लिवलं?"

"तो आलेला ना, क्लाइव्ह."

"त्यो पिशव्या घालून आल्याला?"

प्रज्ञेशला आता कुठं कळलं आपण काय करून बसलो ते. त्याने लॅपटॉप मिटला. सोजरबाईंनी उरलेली मेथी निवडली, देठं कागदात गुंडाळली, कागद बिनमध्ये टाकला, आणि ओट्यावरचं फडकं घेऊन टेबल पुसलं. मग एकदा पुन्हा पुसलं.

अपर्णाला त्या क्षणी खरोखर ओकारी आली. लॅबमधल्या कुठल्याही डबीने कधी आली नव्हती तशी. बाथरूममध्ये जाऊन ती बेसिनवर वाकून उभी राहिली. कसली माणसं ही! बुटांना पिशव्या लावून येतात, दोन पावलं आत टाकतात, गोड बोलतात आणि घरी जाऊन लिहितात की तुम्ही घाणेरडे आहात. तेही अशा बाईबद्दल, जिने आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, फक्त घासलं. आणि घासलं म्हणूनच हे झालं. कार्पेट असतं, नळी असती, भिंतीवरची रेघ असती तर क्लाइव्हच्या बापाची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सोजरबाईंनी बॅग काढली. "मी जाते विक्रोळीला," त्या म्हणाल्या. "धाकट्याकडं."

"आई, तिथं एवढ्याशा जागेत ती पाच माणसं. तुम्ही झोपणार कुठं?"

"दारात झोपंन. पर तिथं कोण मला घाण म्हनत न्हाय. हितं माझ्यापायी तुमचा क्लेम गेला, माझ्यापायी पोरीला वास येतोय, आन् वर माझ्याच नावानं लिवलं. कशाला ऱ्हाऊ मी? सांग की."

खोकणारी म्हातारी, सडकी खोली, दुरुस्तीचा पत्ता नाही, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात इथं ठेवू नका. आईंना थांबवायचं तर खोली नीट व्हायला हवी आणि खोली नीट व्हायची तर तो निकाल फिरायला हवा. दुसरा रस्ताच नव्हता. तिने नेथनला फोन लावला आणि पहिल्यांदाच त्याच्याशी गोड बोलली नाही. मला हा निकाल मान्य नाही, म्हणाली. दुसरा माणूस पाठवा, नाहीतर मी वर तक्रार करते. नेथन दोनतीनदा "आय हिअर यू" म्हणाला. ऐकू येतंय ते मला माहीत आहे रे बाबा, कान नाहीत का तुला, प्रश्न तो नाही! शेवटी पुन्हा तपासणी मिळाली.

"आई," अपर्णा म्हणाली, "ही तपासणी होईपर्यंत थांबा. माझ्यासाठी. आणि एक करा. तोवर त्या खोलीला हात लावायचा नाही. पुसायचं नाही, झाडायचं नाही, छत्र्या उपटायच्या नाहीत. जसं आहे तसं राहू दे."

सोजरबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "मानूस येनार, आन् त्याला मी घाण दाखवू?"

"हो."

"येड लागलंय का तुला? घाण ठिवायची? मुद्दाम?"

"मुद्दाम. मागच्या वेळी आपण लख्ख खोली दाखवली. काय मिळालं?"

बॅग सोजरबाईंनी सोफ्याशेजारी तशीच भरलेली ठेवली.

ते दिवस कसे गेले ते त्या घरालाच माहीत. मागच्या खोलीचं दार बंद. आत बुरशी मजेत वाढत होती, छत्र्या माजल्या होत्या, फटीतून झुरळं ये-जा करत होती. आणि बाहेर सोजरबाई त्या दाराकडे पाठ करून बसायच्या, कारण बघितलं की हात शिवशिवायचे. एकदा अपर्णा कामावरून आली तेव्हा त्या ओलं फडकं हातात धरून दारापाशी उभ्या होत्या. नुसत्या उभ्या. अपर्णाला बघून त्यांनी फडकं मागे लपवलं, चोरी पकडल्यासारखं. अपर्णाला हसूही आलं आणि रडूही आलं. शेजारपाजारच्या बायका चहाला यायच्या त्यांना सोजरबाईंनी येऊ नका म्हणून सांगितलं. विहारातल्या कार्यक्रमालाही त्या गेल्या नाहीत. साडीला वास येतो म्हणाल्या.

तपासणीला आलेली मुलगी तरुण होती, हॅना नाव. केसांचा बुचडा, पायांत धुळीने माखलेले बूट. बुटांना पिशव्या नव्हत्या. हे सोजरबाईंनी आधी बघितलं. त्या दिवशी प्रज्ञेश ऑफिसला, चिन्मयी शाळेत. घरात सासूसून दोघीच. अपर्णाने खोलीचं दार उघडलं तशी हॅनाने पाऊल मागे घेतलं, मग आत आली. वाकून, बसून बघितलं. भिंतीला यंत्र लावलं तर ते किंचाळायला लागलं. ओल होती हे तिने कबूल केलं. पण कुठून आली, कधी आली?

"आतून आली," अपर्णा म्हणाली. "भिंत उघडून बघा ना!"

हॅनाने मान हलवली. भिंत उघडणं तिच्या आजच्या कामात बसत नाही. त्याला वेगळी परवानगी लागते. वरवर बघून तिला तरी बुरशी जुनीच दिसते आणि पाणी एकदम भरल्याची काही खूण नाही. एखादी रेघ असती, भिंतीवर...

"होती!" अपर्णा ओरडली. "होती रेघ! आम्ही पुसली!"

"का?" हॅनाने विचारलं. खरंच न समजून विचारलं.

आता हिला काय सांगायचं? विक्रोळीची खोली सांगायची, गुरुजींचा रुमाल सांगायचा, की पाण्याचा पेला? हॅना टॅबलेटवर लिहायला लागली. ते लिहिणं अपर्णाने ओळखलं. पुन्हा तेच. पुन्हा ईमेल, पुन्हा नकार, आणि उद्या परवा एअरपोर्टवर ही म्हातारी बॅग ओढत आत जाणार, मागे वळूनही न बघता.

सोजरबाई दारात उभ्या होत्या. त्यांना बोलणं कळत नव्हतं, पण सुनेचा पडलेला चेहरा कळला. त्या वळून स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता होता, मुंबईहून येताना सामानात घालून आणलेला.

"आई!" अपर्णा म्हणाली.

"सर बाजूला."

पहिल्याच घावात ती पोकळ, पुठ्ठ्यासारखी भिंत आत गेली. चहात बुडवलेली खारी मोडावी तशी, आवाजही न करता. दुसऱ्या घावात मोठा तुकडा खाली आला, आणि त्याबरोबर तो वास बाहेर पडला. आतापर्यंत जो यायचा तो नुसता नमुना होता! अपर्णाच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत थंडी अडवायला भरलेला कापूस काळा चिकचिकीत होऊन लोंबत होता. लाकडावर बुरशीचा केसाळ थर. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, आणि तळाला एक बुडून मेलेला उंदीर, अर्धा विरघळलेला. हॅनाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"नाक नगं दाबू," सोजरबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "बघ, बाय. डोळं उघडून बघ. ही घाण माझी न्हाय. माझ्या हाताला घावली आसती तर मी ठिवली नसती. सांग तिला, अपर्णा."

अपर्णाने सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं.

हॅनाने हळूहळू हात खाली घेतले. गुडघ्यावर बसून तिने टॉर्च आत मारला. भिंतीच्या आतल्या बाजूला, लाकडांवर, डावीपासून उजवीकडे, घोट्याच्या वर, एक मातकट रेघ होती. सरळ. पाणी तिथवर चढून उभं राहिल्याची. बाहेरची रेघ सोजरबाईंनी घासून काढली होती. आतल्या रेघेपर्यंत त्यांचा हात पोचला नव्हता.

"वाफेने अशी रेघ पडत नाही," हॅना म्हणाली. तिने फोटो काढले. जवळून, लांबून, मोजपट्टी लावून. अळ्यांचे काढले, उंदराचाही काढला. मग उठली आणि धावत मागच्या अंगणात जाऊन कुंपणापाशी ओकली. परत आली ती पांढरीफटक पडलेली. "सॉरी," म्हणाली. "थोडं पाणी मिळेल का?"

अपर्णा हलायच्या आत सोजरबाई गेल्या. स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन आल्या आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. हॅनाने पेला घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. सोजरबाई शेवटच्या घोटापर्यंत बघत होत्या. "आजून आनू?" त्यांनी मराठीतच विचारलं. हॅनाने मान डोलावली.

दोन आठवड्यांत निकाल फिरला. क्लेम मंजूर. फोन नेथनचाच, आवाज पूर्वीइतकाच गोड. नवी माहिती पुढे आल्यामुळे, म्हणे. भिंती तोडून, लाकूड बदलून, सगळी खोली नव्याने करून देणार. माणसं सोमवारपासून येणार. अपर्णाने फोन स्पीकरवर ठेवला होता. सोजरबाई शेजारीच बसल्या होत्या. खोकला होताच, पण बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर जरा रंग होता.

"त्याला इचार," त्या म्हणाल्या, "त्ये लिवल्यालं खोडलं का?"

अपर्णाने विचारलं. पहिल्या अहवालात आमच्या साफसफाईबद्दल लिहिलंय, ते काढणार ना? माफी मागणार ना? नेथन म्हणाला की तो अहवाल फाइलचा भाग आहे, त्यात बदल करता येत नाही, पण तुम्ही काळजी करू नका, निकाल तर तुमच्याच बाजूने लागलाय, ऑल गुड. आणखी काही मदत हवी आहे का?

"नको," अपर्णा म्हणाली आणि फोन ठेवला. भिंत देतील. रंग देतील, नवं कार्पेट देतील. आणि ते वाक्य कुठल्याशा कॉम्प्युटरमध्ये तसंच राहील, सोजरबाईंच्या घराचा पत्ता वर लावून. थू!

"काय म्हनला?"

खोटं सांगावं असं अपर्णाला वाटलं. पण या बाईला खोटं सांगणं तिच्याने होईना. "नाही खोडत म्हणाला, आई. ते तसंच राहणार."

सोजरबाईंनी ऐकून घेतलं. सोफ्याशेजारच्या बॅगेकडे बघितलं. मग उठल्या, बॅगेची चेन उघडली आणि आतल्या साड्या एकेक करून सोफ्यावर काढायला लागल्या.

"आई?"

"मग मी न्हाय जात," सोजरबाई म्हणाल्या. "त्ये खोडंपत्तुर मी हितनं हालत न्हाय. तू फोन करीत ऱ्हा. रोज कर. आन् प्रज्ञेशला म्हनावं, वर कुठं तक्रार करायची आसल तिथं कर. घाईघाईनं विक्रोळीला गेले तर म्हनतील, म्हातारी घाणच हुती, पळाली."

अपर्णाला हसू फुटलं. तिने सासूबाईंच्या हातातली साडी घेतली, झटकली, घडी घातली. साडीला अजून वास येत होता. तिने काही म्हटलं नाही.

रविवारी दुपारी ती कपडे वाळत घालून आत आली तर मागच्या खोलीचं दार उघडं होतं. सोजरबाई तोंडाला पदर गुंडाळून, खोकत खोकत, फरशी पुसत होत्या. छत्र्या उपटून पिशवीत बांधल्या होत्या. फुटक्या भिंतीतलं भोक तेवढं तसंच होतं. त्याच्याभोवतीची जागा मात्र आरशासारखी.

"अहो आई, काय करताय? उद्या ती माणसं हे सगळं तोडायलाच येतायत!"

"तोडू देत की," सोजरबाईंनी फडकं बादलीत पिळलं. "पर आदी बघू देत."